विश्लेषण : पोलीस भरतीच्या १०० मीटरमध्ये गुण नेमके कुठे जातात?

अमरावती असो की अकोला, पहाटे साडेपाचच्या सुमाराला मैदानांवर आणि गावाबाहेरच्या रस्त्यांवर पळणारी मुलं-मुली दिसतात. त्यातल्या बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट असते, पोलीस भरती. २०२४ मध्ये राज्यात १७,४७१ पदांसाठी १७ लाखांहून जास्त अर्ज आले होते. म्हणजे एका जागेमागे साधारण शंभर जण. ऑगस्ट २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने आणखी सुमारे १५ हजार पदांच्या भरतीला मंजुरी दिली.

एवढ्या गर्दीतून लेखी परीक्षेपर्यंत कोण पोहोचणार, हे ५० गुणांची मैदानी चाचणी ठरवते. या चाचणीची तयारी करताना मुलांचा बहुतेक वेळ १६०० मीटरवर जातो आणि मुलींचा ८०० मीटरवर. १०० मीटरकडे मात्र 'त्यात काय शिकायचं, जीव तोडून पळायचं' अशा नजरेने पाहिलं जातं.

प्रत्यक्षात या तीन प्रकारांत सगळ्यात कमी वेळात सगळ्यात जास्त गुण हलतात ते १०० मीटरमध्येच. सेकंदाच्या दहाव्या भागाने दोन-तीन गुण इकडचे तिकडे होतात. हे गुण कुठे जातात, वेग कसा वाढतो आणि सरावात घेतलेली वेळ भरतीच्या मैदानावर बदलते का, हे समजून घेऊ.

मैदानी चाचणीत १०० मीटरचं वजन किती?

पोलीस शिपाई पदासाठी सध्याची रचना अशी आहे : मैदानी चाचणी ५० गुणांची आणि लेखी परीक्षा १०० गुणांची. मैदानी चाचणीत पुरुषांना १६०० मीटर धाव (२० गुण), १०० मीटर धाव (१५ गुण) आणि गोळाफेक (१५ गुण) असते. महिलांना १६०० ऐवजी ८०० मीटर धावायचं असतं, बाकी गुणांची विभागणी तीच.

मैदानी चाचणीत किमान ५० टक्के गुण लागतात. पण तेवढ्याने लेखीचं बोलावणं येत नाही. प्रवर्गातल्या जागांच्या दहापट उमेदवारच गुणवत्तेनुसार लेखीसाठी निवडले जातात. त्यामुळे ५० पैकी एक-दोन गुणांचा फरक लेखीला बसायला मिळणार की घरी परतावं लागणार, हे ठरवू शकतो.

१०० मीटरचे गुण टप्प्यांत दिले जातात. पुरुषांसाठी ११.५० सेकंद किंवा त्याहून कमी वेळ लागला तर १५ गुण. त्यापुढे १२.५० पर्यंत १२, १३.५० पर्यंत १० आणि १४.५० पर्यंत ८ गुण. महिलांसाठी १४ सेकंदांपर्यंत १५, १५ सेकंदांपर्यंत १२ आणि १६ सेकंदांपर्यंत १० गुण.

या तक्त्यात एक गोष्ट दडलेली आहे. १२.४९ सेकंदांत धावणाऱ्याला १२ गुण आणि १२.५१ वाल्याला १० गुण. डोळ्याची पापणी लवायला लागतो त्याहूनही कमी वेळात दोन गुण गेले. उलट ११.६० आणि १२.४० यांच्यात आठ दशांश सेकंदांचं अंतर असूनही गुण सारखेच. म्हणून 'वेग वाढवायचा' एवढं उद्दिष्ट अपुरं आहे. आपण कुठल्या टप्प्यात आहोत आणि पुढची सीमा किती दूर आहे, हे आधी कळायला हवं.

पूर्ण गुण मिळवणं कितपत अवघड आहे?

याचं उत्तर राष्ट्रीय विक्रमांशी तुलना केली की मिळतं.

छत्तीसगडच्या जशपूर जिल्ह्यातल्या अनिमेष कुजूरने जुलै २०२५ मध्ये ग्रीसमध्ये १०० मीटर १०.१८ सेकंदांत धावून पुरुषांचा राष्ट्रीय विक्रम केला. भरतीत पूर्ण गुणांसाठी लागणारे ११.५० सेकंद म्हणजे या वेळेपेक्षा सुमारे १३ टक्के जास्त. आता १६०० मीटर पाहा. तिथे पूर्ण गुणांसाठी ५ मिनिटं १० सेकंद लागतात. जिन्सन जॉन्सनने २०१९ मध्ये बर्लिनला १५०० मीटर ३ मिनिटं ३५.२४ सेकंदांत पूर्ण केलं होतं. त्याच गतीने १६०० मीटर धरलं तर ३ मिनिटं ५० सेकंदांच्या आत होतं. म्हणजे १६०० मध्ये पूर्ण गुणांची वेळ त्या गतीपेक्षा सुमारे ३५ टक्के सैल आहे.

मुलींच्या बाबतीतही असंच दिसतं. द्युती चंदने २०२१ मध्ये १०० मीटर ११.१७ सेकंदांत धावली होती. भरतीचे १४ सेकंद त्यापेक्षा २५ टक्के जास्त आहेत. ८०० मीटरमध्ये टिंटू लुकाची २०१० मधली वेळ १ मिनिट ५९.१७ सेकंद आहे, तर भरतीत पूर्ण गुण २ मिनिटं ५० सेकंदांना मिळतात. इथे सैलपणा ४० टक्क्यांच्या वर आहे.

याचा अर्थ सरळ आहे. लांब धावेत मेहनती उमेदवार पूर्ण गुणांपर्यंत पोहोचू शकतो. पुरुषांच्या १०० मीटरमध्ये मात्र १५ गुण हे जवळजवळ स्प्रिंटरसाठीच राखलेले आहेत. सामान्य उमेदवाराची खरी लढाई १२.५० च्या आत येण्याची आहे. ती जिंकता येते, पण १६०० च्या तयारीचा उरलेला दम वापरून नाही.

१०० मीटरची धाव आतून कशी असते?

बाहेरून पाहिलं तर ती एकच सलग धाव वाटते. मोजून पाहिलं तर तिचे वेगवेगळे तुकडे दिसतात.

याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे युसेन बोल्टची १६ ऑगस्ट २००९ ची बर्लिनमधली ९.५८ सेकंदांची धाव. तिचं दर २० मीटरचं मोजमाप झालं होतं. पहिल्या २० मीटरला २.८९ सेकंद लागले. पुढच्या २० मीटरना अनुक्रमे १.७५, १.६७, १.६१ आणि शेवटच्या २० मीटरला १.६६ सेकंद.

यातून दोन गोष्टी दिसतात. पहिली, ६० मीटरपर्यंत बोल्टचा वेग वाढतच होता. दुसरी, शेवटच्या २० मीटरमध्ये तोही मंदावला. शेवटी जो 'पुढे निघून जाताना' दिसतो, तो खरं तर बाकीच्यांपेक्षा कमी मंदावत असतो.

म्हणून प्रशिक्षक या धावेचे चार भाग करतात : इशाऱ्याला प्रतिसाद, वेग घेणं, कमाल वेग आणि तो टिकवणं. आपल्याकडचा भरतीचा उमेदवार साधारण ३० ते ५० मीटरच्या दरम्यान कमाल वेगाला पोहोचतो आणि तिथून पुढचं अर्धं अंतर तो हळूहळू वेग गमावत असतो. हे तो थकल्यामुळे होतं असं त्याला वाटतं. बऱ्याचदा कारण वेगळं असतं. जोर लावण्याच्या नादात खांदे वर जातात, मुठी आवळल्या जातात, पावलं शरीराच्या फार पुढे पडू लागतात आणि प्रत्येक पाऊल वेगाला ब्रेक लावतं.

भरपूर पळून वेग का वाढत नाही?

कारण दोन्ही धावांचं इंधन वेगळं आहे.

१६०० मीटर धावताना पाच-सहा मिनिटं लागतात आणि त्यातली बहुतांश ऊर्जा ऑक्सिजनच्या मदतीने तयार होते. १०० मीटरचं काम स्नायूंत आधीच साठलेल्या फॉस्फेटच्या साठ्यावर सुरू होतं. तो पूर्ण जोराने वापरला तर काही सेकंदांतच उतरतो आणि भरून यायला काही मिनिटं लागतात.

इथेच बहुतेकांचा सराव फसतो. १०० मीटरच्या दहा धावा, मध्ये एक-एक मिनिट थांबून, हा प्रकार अनेक ठिकाणी दिसतो. घाम भरपूर येतो, समाधानही मिळतं. पण तिसऱ्या-चौथ्या धावेनंतर साठा भरलेला नसतो, वेग पडलेला असतो आणि शरीर नेमकं तेच शिकतं, म्हणजे थकलेल्या अवस्थेत मध्यम वेगाने पळणं. हा दमाचा सराव झाला, वेगाचा नाही.

प्रशिक्षकांचा ठोकताळा असा आहे : पूर्ण जोराने धावलेल्या दर १० मीटरमागे साधारण एक मिनिट विश्रांती. ३० मीटर धावलात तर तीन मिनिटं, ६० मीटर धावलात तर सहा. एवढा वेळ नुसतं चालत राहणं मुलांना आळस वाटतो. पण वेगाच्या सरावात ही विश्रांती सरावाचाच भाग आहे.

दुसरा गैरसमज पाय भरभर हलवण्याचा. वेग म्हणजे पावलाची लांबी गुणिले पावलांची गती, हे खरं आहे. पण अमेरिकी संशोधक पीटर वेयंड आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवून दिलं, की वेगवान आणि मंद धावपटू हवेतला पाय पुढे आणायला जवळपास सारखाच वेळ घेतात. फरक पडतो तो जमिनीला दिलेल्या रेट्यात. वेगवान धावपटू अतिशय कमी वेळात जमिनीवर जास्त जोर लावतो. अव्वल स्प्रिंटरचं पाऊल जमिनीवर सेकंदाचा साधारण दहावा भागच टेकतं.

जोर-बैठकांची परंपरा वऱ्हाडात जुनी आहे आणि तिने घडवलेला काटकपणा खोटा नाही. पण एका दमात दोनशे बैठका मारणं हे चिवटपणाचं काम आहे. स्प्रिंटसाठी ताकद कमी वेळात बाहेर पडावी लागते. म्हणून थोड्या पण उसळीच्या बैठका, जागेवरून लांब उडी, एका पायावरच्या उड्या आणि शक्य असेल तिथे वजन घेऊन केलेल्या पाच-सहा बैठकांचे मोजके सेट जास्त उपयोगी पडतात.

आपला वेळ कुठे जातो, हे कसं शोधायचं?

समजा, दोन मित्र आहेत आणि दोघांचीही वेळ १२.७० सेकंद आहे. दोघांनाही दोन गुण वाढवायला दोन दशांश सेकंद कमी करायचे आहेत. अकादमीत दोघांना सारखाच सराव दिला जाईल. पण त्यांच्या धावेचे तुकडे पाडले तर चित्र असं निघू शकतं :

पहिला : सुरुवातीचे ३० मीटर ५.०० सेकंद, पुढचे ३० मीटर ३.३०, शेवटचे ४० मीटर ४.४०.

दुसरा : सुरुवातीचे ३० मीटर ४.५०, पुढचे ३० मीटर ३.३०, शेवटचे ४० मीटर ४.९०.

दोघांचा मधला वेग सारखाच आहे, सेकंदाला सुमारे ९.१ मीटर. पहिला हा वेग शेवटपर्यंत टिकवतो, पण सुरुवातीलाच अर्धा सेकंद गमावतो. त्याला स्टार्ट आणि पहिल्या दहा पावलांवर काम हवं. दुसऱ्याची सुरुवात उत्तम आहे, पण शेवटी त्याचा वेग सेकंदाला ८.२ मीटरपर्यंत उतरतो. त्याला वेग टिकवण्याचा सराव हवा. एकाचा सराव दुसऱ्याला दिला, तर दोघांचेही महिने वाया जातील.

हे मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. बहुतेक फोनमध्ये स्लो मोशनची सोय असते. साध्या व्हिडीओत सेकंदाला ३० चित्रं असतात, म्हणजे ०.०३ सेकंदांपर्यंतचा अंदाज येतो. २४० चित्रांच्या स्लो मोशनमध्ये तो ०.००४ सेकंदांपर्यंत जातो.

पद्धत अशी ठेवता येईल. टेपने मोजून ०, ३०, ६० आणि १०० मीटरवर खुणा करा. एक मित्र ३० मीटरच्या रेषेच्या अगदी सरळीत, बाजूला १५ मीटर अंतरावर फोन घेऊन उभा राहील. तिरकं उभं राहिलं तर धावपटू रेषेच्या अलीकडे असतानाच ती ओलांडल्यासारखा दिसतो. चित्रीकरण स्टार्टपासून सुरू करून कॅमेरा धावपटूबरोबर फिरवायचा. इशारा हात खाली आणून द्यायचा, म्हणजे तो चित्रात दिसेल. हात हलल्याच्या चित्रापासून छाती रेषेवर येण्याच्या चित्रापर्यंत मोजलं की ३० मीटरची वेळ मिळाली. पुढच्या धावेत हेच ६० आणि मग १०० मीटरवर.

कमाल वेग वेगळा मोजायचा असेल तर ३० मीटर धावत येऊन पुढच्या २० मीटरचीच वेळ घ्या. त्याला २.२० सेकंद लागले, तर तुमचा कमाल वेग सेकंदाला ९.०९ मीटर आहे. दर दोन-तीन आठवड्यांनी एवढे चार आकडे वहीत लिहिले, तरी सराव कामाला येतोय की नाही ते कळतं.

स्टार्टमध्ये काय सुधारता येतं?

अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये अंबादासपंत आणि अनंत या वैद्य बंधूंनी उभं केलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय व्यायाम आणि खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. त्याच ऑलिंपिकमध्ये जेसी ओवेन्सने १०० मीटरचं सुवर्ण १०.३ सेकंदांत जिंकलं. तेव्हा ऑलिंपिकमध्ये स्टार्टिंग ब्लॉक नव्हते, ते १९४८ मध्ये आले. ओवेन्स आणि इतरांनी खुरप्यासारख्या हत्याराने ट्रॅकमध्ये पायासाठी खड्डे खणले होते.

भरतीच्या उमेदवाराची स्थिती याबाबतीत ओवेन्सच्या जवळची आहे. ब्लॉकची अपेक्षा ठेवता येत नाही आणि मैदान मुरमाचं, मातीचं की सिंथेटिक, तेही आधी ठरलेलं नसतं. म्हणून ब्लॉकशिवायचा स्टार्ट पक्का हवा. उभं राहून सुरुवात करायची असेल तर पुढच्या पायावर वजन, पुढच्या पायाच्या विरुद्ध बाजूचा हात पुढे, नजर चार-पाच मीटरवर जमिनीकडे.

सगळ्यात जास्त आढळणारी चूक म्हणजे पहिल्याच पावलाला ताठ होणं. वेग घेताना शरीर पुढे झुकलेलं असायला हवं आणि रेटा मागच्या दिशेने जायला हवा. गाडी ढकलताना आपण आपोआप जसे झुकतो, तसंच. पंधरा-वीस मीटरपर्यंत शरीर हळूहळू सरळ होऊ द्यायचं. पहिली पावलं लांब टाकण्याचा हट्टही नको. पाऊल कमरेच्या पुढे पडलं की ते ढकलण्याऐवजी थांबवतं.

मग आठवडा कसा आखायचा?

भरतीत १६०० आणि गोळाफेकही आहे, त्यामुळे पूर्ण वेळ स्प्रिंटला देता येणार नाही. पण आठवड्यातले दोन दिवस तरी वेगासाठी स्वतंत्र हवेत आणि त्या दिवशी पाय ताजे हवेत. आदल्या दिवशी लांब धाव घेऊन दुसऱ्या दिवशी वेगाचा सराव करणं उलटं पडतं.

पहिला दिवस वेग घेण्याचा : २० ते ३० मीटरच्या सहा ते आठ धावा, प्रत्येकीनंतर दोन-तीन मिनिटं विश्रांती. सौम्य चढ मिळाला तर फारच छान, कारण चढावर शरीर आपोआप झुकतं. अमरावतीकरांना पोहऱ्याच्या टेकड्यांच्या बाजूला असा चढ मिळतो. अकोल्याच्या सपाट भागात कमरेला दोर बांधून हलकं टायर ओढणं हा त्याला पर्याय. वजन इतकंच की धावण्याची ढब बिघडणार नाही.

दुसरा दिवस कमाल वेग आणि टिकाव यांचा : धावत येऊन २० मीटर पूर्ण वेगाने, अशा चार धावा. त्यानंतर ८० ते १२० मीटरच्या दोन किंवा तीनच धावा, मध्ये आठ ते दहा मिनिटं. या धावांत चेहरा आणि खांदे सैल ठेवायचे. वेळ पहिल्या धावेपेक्षा स्पष्टपणे पडू लागली की तो दिवस तिथेच थांबवायचा.

बाकी दोन दिवस १६०० साठी ४०० मीटरच्या धावा आणि एक हलकी लांब धाव, दोन दिवस ताकद आणि गोळाफेक, एक दिवस पूर्ण आराम. मांडीच्या मागच्या स्नायूसाठी, म्हणजे हॅमस्ट्रिंगसाठी, नॉर्डिक हा व्यायाम जरूर करावा. गुडघ्यांवर बसून मित्राला घोटे धरायला सांगायचे आणि शरीर सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं. हा व्यायाम नियमित केल्यास हॅमस्ट्रिंगच्या दुखापती कमी होतात, असं खेळाडूंवरच्या अभ्यासांत दिसून आलं आहे. भरतीच्या ऐन तोंडावर हाच स्नायू ताणला गेला की महिन्यांची मेहनत बाजूला पडते.

शेवटचे आठ-दहा दिवस धावांची संख्या निम्म्यावर आणावी, पण वेग कमी करू नये. 'आता थोडेच दिवस राहिले' म्हणून दुप्पट सराव करणारे थकलेल्या पायांनी मैदानावर जातात.

वऱ्हाडातलं ऊन आणि काळी माती यांचं काय?

अकोला देशातल्या सगळ्यात तापणाऱ्या शहरांपैकी एक आहे. मे २०२४ मध्ये पारा ४५ अंशांवर गेल्यावर जिल्हा प्रशासनाने कलम १४४ लागू करून कामाच्या आणि शिकवणीच्या वेळांवर बंधनं घातली होती. अमरावतीतही उन्हाळा फार वेगळा नसतो.

एकट्या १०० मीटरला उष्णता फारशी मारक नाही. उबदार स्नायू चांगले चालतात. धोका आहे तो उन्हातल्या लांब सरावाचा आणि तहानलेल्या शरीराचा. त्यामुळे उन्हाळ्यात १६०० चा सराव सूर्योदयाच्या आसपास उरकावा. वेगाचा छोटा सराव सूर्यास्ताच्या सुमाराला चालू शकतो. चक्कर, मळमळ किंवा अंगाला अचानक काटा येणं ही थांबण्याची खूण आहे, जिद्द दाखवण्याची नाही.

दुसरी अडचण जमिनीची. कपाशी-सोयाबीनला साथ देणारी काळी माती धावायला वाईट. पावसाळ्यात ती बुटाला गोळ्यांसारखी चिकटते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. म्हणून गावोगावची मुलं डांबरी रस्ता धरतात. सकाळच्या वाहतुकीचा धोका तर आहेच, शिवाय रोज डांबरावर जोराने धावून नडगी दुखू लागते. पर्याय म्हणजे १०० मीटर लांबीची मुरूम टाकून दाबलेली एक पट्टी. एवढी जागा शाळेच्या मैदानावर किंवा गावठाणात निघू शकते.

भरती कुठल्या ऋतूत होईल याचाही नेम नसतो. २०२४ ची मैदानी चाचणी १९ जूनला, ऐन पावसाच्या तोंडावर सुरू झाली. पावसामुळे चाचणी होऊ शकली नाही तर पुढची तारीख देऊ, असं तेव्हा सरकारला सांगावं लागलं. ओलसर जमिनीवर पावलं थोडी आखूड पडतात. त्याचाही सराव एक-दोनदा असलेला बरा.

सरावातली वेळ आणि भरतीतली वेळ वेगळी का येते?

'सरावात माझे १२.३ येत होते, तिथे १२.७ कसे लागले?' ही तक्रार प्रत्येक भरतीनंतर ऐकू येते. कधी त्यामागे दडपण असतं. पण बऱ्याचदा सरावातली वेळच चुकीची असते.

सरावात मित्र शंभर मीटरवर स्टॉपवॉच घेऊन उभा असतो आणि स्टार्टला कुणीतरी शिट्टी वाजवतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे शिट्टी त्याच्यापर्यंत पोहोचायलाच ०.२९ सेकंद लागतात. त्यात बटण दाबायला लागणारा वेळ मिळवा. शेवटी मात्र धावपटू येताना दिसत असल्याने बटण वेळेवर दाबलं जातं. घड्याळ उशिरा सुरू झालं आणि वेळेवर थांबलं, की वेळ जवळपास अर्ध्या सेकंदाने कमी दिसू शकते. गुणांच्या भाषेत हा अर्धा टप्पा झाला.

म्हणूनच अधिकृत स्पर्धांत हाताने वेळ घेणाऱ्याला आवाजावर नव्हे, तर पिस्तुलाच्या धुरावर किंवा ज्योतीवर घड्याळ सुरू करायला शिकवतात. तरीही हाताची वेळ आणि इलेक्ट्रॉनिक वेळ यांची तुलना करताना १०० मीटरला ०.२४ सेकंद मिळवण्याची रीत आहे. म्हणजे हाताचे १२.३ हे यंत्रावर १२.५४ च्या आसपास समजायचे. तक्त्यात पाहा, १२ गुणांचे १० झाले.

भरतीत अलीकडे अनेक जिल्ह्यांत आरएफआयडी चिप आणि व्हिडीओ चित्रण वापरलं जातं, काही ठिकाणी घड्याळही. गुणांच्या तक्त्यात वाऱ्याला मात्र जागा नाही. स्पर्धेत पाठीमागून सेकंदाला दोन मीटरपेक्षा जोराचा वारा असेल तर विक्रम धरला जात नाही. भरतीत सकाळच्या शांत हवेत धावलेला आणि दुपारी समोरच्या वाऱ्यात धावलेला, दोघांना एकच तक्ता लागू होतो.

उमेदवाराच्या हातात दोन गोष्टी आहेत. सरावात वेळ नेहमी हाताच्या खुणेवर किंवा व्हिडीओवर घ्यायची, शिट्टीवर नाही. आणि हव्या असलेल्या सीमेच्या आत किमान तीन दशांश सेकंदांची जागा ठेवायची. १२ गुण हवे असतील तर व्हिडीओवर १२.२० आल्याशिवाय निर्धास्त होऊ नये.

व्यवस्थेने काय करायला हवं?

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या देवगावच्या तेजस शिरसेने मे २०२४ मध्ये फिनलंडमध्ये ११० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत १३.४१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. आधीचा विक्रम १३.४८ चा होता. सात शतांश सेकंदांची ही सुधारणा मोजता आली, कारण तिथे वेळ मोजण्याबद्दल शंका नव्हती. तेजस आणि अनिमेष दोघेही भुवनेश्वरच्या केंद्रात घडले, जिथे धावेचे असे तुकडे पाडून पाहणं रोजचं काम आहे.

भरतीच्या उमेदवाराला तसं केंद्र मिळणार नाही, ते अपेक्षितही नाही. पण ज्या चाचणीत शतांश सेकंदावर दोन-तीन गुण ठरतात, तिथे वेळ मोजण्याची पद्धत सगळ्या जिल्ह्यांत एकच असावी आणि उमेदवाराला ती आधी माहीत असावी, एवढी मागणी रास्त आहे. गुणांचे टप्पे एक-एक सेकंदाऐवजी अर्ध्या सेकंदाचे केले, तर सीमेवरच्या उमेदवाराचं नुकसान कमी होईल. सध्या एका चुकीच्या शतांशाची किंमत दोन किंवा तीन गुण आहे.

खुल्या प्रवर्गासाठी वयाची मर्यादा २८ आणि मागास प्रवर्गांसाठी ३३ वर्षं आहे. भरती दरवर्षी होत नाही. त्यामुळे बहुतेकांच्या वाट्याला दोन-तीनच संधी येतात. पुढच्या जाहिरातीची वाट पाहणाऱ्यांनी या आठवड्यात एक काम करावं : टेप, चार खुणा आणि एक फोन घेऊन मैदानावर जावं आणि आपले ३०, ६० आणि १०० मीटरचे आकडे काढावेत. कुठला सराव वाढवायचा आणि कुठला कमी करायचा, हे त्या तीन आकड्यांतून बऱ्यापैकी स्पष्ट होईल.